चुना किती

मोडीत आधी रेघ ओढतात, पानभर,
मग तिला अक्षरं टांगत जातात, बोरू न उचलता.
वाचतानाही तसंच करावं लागतं,
मध्येच थांबलं की शब्द हातचा निसटतो.

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या कायम बंद.
दमट हवा पिणारं यंत्र कोपऱ्यात घुरघुरतं
आणि पानाला नव्वद रुपये या दराने
मी एका रंगाऱ्याची वही देवनागरीत उतरवते आहे.

शके सतराशे एकाहत्तर. मुक्काम मुंबई, माजगाव नजीक.
सांगणार बाळशेट निराळी. लिहिणारा कुणी कारकून,
त्याला रंगातलं काही कळत नसावं,
म्हणून तर त्याने काहीच गाळलं नाही:

"नीळ कुटून अडीच शेर, रात्रौ भिजत घालणें.
टाकळ्याचें बीं सव्वा शेर, शिजवून, गाळासुद्धां.
गूळ जुना पावशेर.
माठ गळ्यापर्यंत पुरावा. झांकण उघडें टाकूं नये.
तिसरे दिवशीं बोट बुडवून जिभेस लावणें.
गोड लागल्यास चुना कमी. झोंबल्यास जास्त.
कापड वर काढतां हिरवें दिसेल, भिऊं नये,
वारा लागतां निळें होतें.
चुना"

आणि पुढे काही नाही.
दोन बोटं कोरी जागा, मग थेट धुलाईचं कलम.

तीन आठवडे मला वाटत होतं, हे गुपित आहे.
वही लिहवून घेतली ती एका कच्छी दलालाने,
बाळशेटने सगळं दिलं, किल्ली तेवढी कमरेलाच ठेवली.
मला तो आवडायलाही लागला होता, खरं सांगायचं तर.

मग अकरावं पान. समास.
तिथे बोरू नाही, कोळशासारखं काहीतरी,
आणि मोडीही नाही, चांगलं ठसठशीत बाळबोध,
नव्याने निघालेल्या मुलींच्या शाळेत पाटीवर गिरवतात तसं,
एक वेलांटी उलटी:

"चुना आई घालते. तीची मुठ."

म्हणजे त्याला ठाऊकच नव्हतं!
कारकुनाने विचारलं असेल, किती लिहू?
आणि बाळशेट, ज्याच्या माठाला घाटावरून गिऱ्हाईक यायचं,
छपराकडे बघत राहिला असेल.
दाराआड बांगड्या वाजल्या असतील.
विचारावं तर कारकुनासमोर कसं?

कोरगावकर सर म्हणाले, छान, तळटीप द्या.
मूठ म्हणजे साधारण किती ग्रॅम, तेही लिहा.

दुपारी डब्यातून मीठ घेतलं,
टपाल तोलायच्या काट्यावर मुठी मोजल्या.
माझी, बेचाळीस.
बाइंडर लतीफचाचांची छप्पन्न.
तांडेल शिपायाची एकोणऐंशी, तो म्हणाला,
मॅडम, आमची आजी असती तर काटा मोडला असता.
परत मोजली तर माझीच अडतीस भरली.

मुठीलाही दिवस असतात बहुतेक.
पावसाळ्यातली वेगळी, उपासाची वेगळी,
जिभेवर नुकताच माठ चाखला असेल तर आणखी वेगळी.
तो काटा तिच्या तोंडात होता,
आणि तोंडातलं कुणी लिहून घेतलं नाही.

आता छापील तक्ता भरायचा आहे.
विषय: रंगाईचं तंत्र. कागद: जुन्नरी, घोटलेला.
दोष: कसर, वाळवी, पान अकरावर निळा डाग, धुता येईल.
तो डाग अंगठ्याएवढा आहे. लहान अंगठ्याएवढा.
'धुता येईल' मी खोडलं.

कर्ता, या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.
बाळशेट लिहिलं तर खोटं नाही, पण खरंही नाही.
आणि मुलीने आईचं नाव कुठेच दिलेलं नाही.
सगळी पानं उजेडाला धरून पाहिली, शिवणीतलीसुद्धा.
ती तरी काय करणार,
आईला नावाने कोण हाक मारतं.